आधी आईनं चमचा उचलायचा

आम्ही राहतो त्या हर्नडनहून ॲनन्डेल गाडीनं अर्ध्या तासावर आहे. आमच्या ओळखीची मराठी माणसं रविवारी मंदिरात जातात, मंडळाच्या नाटकाच्या तालमीला जातात, नाहीतर एकमेकांच्या बेसमेंटमध्ये जमून शाळांच्या रेटिंगवर चर्चा करतात. मी ॲनन्डेलला कोरियन जेवायला जाते. नवऱ्याला त्यात काडीचाही रस नाही. “पोळी नाही, वरण नाही, वर चमचे टेबलाच्या खणातून आपले आपण काढायचे,” ही त्याची कायमची तक्रार. तो घरी क्रिकेट बघत बसतो आणि मी अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन निघते. कोणाचंच काही बिघडत नाही.

ही सवय मला लावली ऑफिसातल्या एका कोरियन बाईनं. पहिल्याच दिवशी तिनं मला टेबलाच्या कडेची, वाढणाऱ्यांना बोलवायच्या घंटीची कळ दाखवली. भाताची वाटी तोंडाशी न्यायची नाही, भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तसं मेलेल्या माणसासाठी करतात, असं सगळं समजावून सांगितलं. आणि मुख्य म्हणजे टेबलावर जे कोणी वयानं सगळ्यांत मोठं असेल, त्यानं चमचा उचलल्याशिवाय बाकीच्यांनी अन्नाला हात लावायचा नाही. त्या दिवशी नेमकी मीच मोठी निघाले. भर दुपारी, सूप निवत असताना, असं माझं वय काढलेलं मला अजिबात आवडलं नाही. जेवण मात्र आवडलं.

माझं नेहमीचं हॉटेल एका लांबलचक पार्किंगच्या कडेला आहे, लाँड्री आणि चष्म्याच्या दुकानाच्या मधे. आत लाकडी टेबलं, भिंतीवर पदार्थांचे मोठाले फोटो, आणि साठीच्या पुढच्या तीन-चार बायका ॲप्रन बांधून लगबगीनं फिरत असतात. बसलं की आधी भाजलेल्या सातूचं गरम पाणी येतं. मग काही मागायच्या आत लहान लहान वाट्यांची रांग लागते: लाल मुळा, मोड आलेलं कडधान्य, गोडसर बटाटा, कसलीशी हिरवी पानं, आणि तेलात परतलेली बोटाच्या पेरापेक्षाही लहान सुकी मासळी. मुख्य जेवण नंतर, मातीच्या भांड्यात रटरट उकळत. एवढं सगळं समोर मांडलेलं बघितलं की मला आपली पंगत आठवते. फक्त इथं मीठ-लिंबाचा पत्ता नसतो.

आई मागच्या वर्षी नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. तिला इकडचं तिकडचं दाखवावं म्हणून आम्ही तिला न्यू जर्सीला आयसेलिनच्या भारतीय बाजारापर्यंत नेऊन आणलं. तिथल्या साड्यांच्या दुकानांपुढून ती शांतपणे चालत गेली आणि जेवायला बसल्यावर म्हणाली, “इतके तास विमानात बसून आली ते डोसा खायला?” मी ठरवलं, हिला ॲनन्डेलला न्यायचं.

पहिल्या दिवशी तिनं काय केलं असेल, तर भाताची झाकणाची स्टीलची वाटी रिकामी करून उलटी करून पाहिली. नाव कोरलंय का ते शोधत होती. आमच्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव नसेल तर ते भांडं परक्याचं. कोरलेलं काही नव्हतं, पण स्टील बघून तिला एकदम घरच्यासारखं वाटलं आणि ती सैल होऊन बसली.

मग वाट्यांचा घोळ झाला. पानात काही टाकायचं नाही, हे आईनं आम्हाला इतकं घोकून घेतलंय की माझी लेकसुद्धा बर्गरच्या कागदाला चिकटलेला कांदा वेचून खाते. आईनं एकेक वाटी स्वच्छ केली. लख्ख वाट्या बघून वाढणारी बाई आनंदानं आली आणि सगळ्या भरून घेऊन आली. आईनं त्याही संपवल्या. बाई पुन्हा भरून घेऊन आली, या खेपेला सुकी मासळी जरा जास्तच. रिकामी वाटी म्हणजे ‘अजून वाढा’, हा तिथला समज. रिकामी वाटी म्हणजे ‘झालं माझं’, हा आमचा. दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या आणि कोणी माघार घेत नव्हतं.

“अगं, हिला सांग ना बास म्हणून,” आई माझ्याकडे वळून कळवळली.

“आई, थोडं वाटीत ठेव, म्हणजे नाही आणणार ती.”

“अन्न टाकू? मी?”

शेवटी लेकीनं युक्ती काढली. प्रत्येक वाटीत एकेक तुकडा ठेवला आणि वर हात ठेवून बसली. बाई गेली. आईला मात्र ते तुकडे दिसत राहिले. उठताना तिनं ते तोंडात टाकलेच.

खरी गोष्ट मात्र त्या दिवशी शेजारच्या टेबलावर घडली. तिथं एक म्हातारा एकटाच जेवत होता. त्याच्या काळ्या भांड्यातल्या लाल रश्श्यात गडद तपकिरी चौकोनी तुकडे होते, खरवसाच्या वडीसारखे गुळगुळीत. आईचं लक्ष तिकडे गेलं आणि तिथंच राहिलं.

“ते काय खाऊन राहिले ते?” तिनं हळूच विचारलं.

मी सांगितलं. बैलाचं रक्त थिजवून केलेल्या वड्या. रात्री जास्त झालेली माणसं सकाळी येऊन हे सूप पितात म्हणे, पण जुनी माणसं एरवीही खातात.

आई सातूचं पाणी प्यायली, पदर सारखा केला. मला कळलं होतं. तिलाही कळलं होतं की मला कळलंय. आमच्या घरात त्या पदार्थाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं असं नाही, पण सात-आठ वर्षांची झाल्यानंतर ऐकलं नव्हतं. रक्ती.

बाबांना सरकारी क्वार्टर मिळालं आणि आम्ही तिथं राहायला आलो, तेव्हाची गोष्ट. आमच्या मजल्यावर आमच्या समाजाचे आम्हीच तेवढे. आई एका रविवारी रक्ती परतत होती. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या ते थेट स्वयंपाकघराच्या दारात. कढईत बघून म्हणाल्या, “काय हो शिजतंय? रंग छान आलाय.” आई म्हणाली, “बीट.” एवढं म्हणून ती थांबली नाही. त्या गेल्यावर तिनं मला बाजारात पिटाळलं, खरं बीट आणवलं, त्याची दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली आणि वाटीभर काकूंकडे पाठवली. खोटं तर बोलायचंच, पण पुराव्यानिशी. कढईतलं तिनं त्या दिवशी आम्हाला वाढलं, स्वतः उभ्यानं खाल्लं आणि कढई राखेनं घासून ठेवली. त्यानंतर आमच्या घरी रक्ती झाली नाही. वजडी गेली, सुकट गेली. कोणी विचारलं तर आई म्हणायची, “मला मुळात आवडतच नाही ते.” चाळीस वर्षं म्हटल्यावर आम्हालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मला त्या शेजारच्या काकूंचा राग आहे असं नाही. त्या बिचाऱ्यांनी कोशिंबिरीचं कौतुकच केलं. माझा राग त्या दाराचा आहे, जे बंद करून घ्यायची सोय आमच्या स्वयंपाकघराला नव्हती.

परतताना सिग्नलला गाडी थांबली तशी आई म्हणाली, “फार घट्ट नसावं ते. घट्ट झालं की चिवट लागते.” मी आरशात बघितलं. लेकीच्या कानात हेडफोन होते. मी म्हटलं, “पुढच्या रविवारी जाऊ या का परत? आपण दोघीच. तू मागव ते.” आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “छे! या वयात कशाला ती थेरं.”

पण तिला खायचं होतं. हे मी पैजेवर सांगते. पुढच्या पंधरवड्यात तिनं तीनदा विषय काढला आणि तिन्हीदा आडून. त्या म्हाताऱ्याच्या सुपात पालेभाजी कोणती होती, कोबी होता की मुळ्याचा पाला? ती बाई मीठ बेतानं घालते का? मी म्हणायचे, चल ना मग. ती म्हणायची, नको. तिचं परतीचं विमान जवळ येत होतं आणि मला एकच गोष्ट हवी होती: माझ्या आईनं खुर्चीवर बसून, उजेडात, तिला आवडतं ते खावं. एवढी साधी इच्छा, पण ती पुरी होईल असं काही दिसेना.

त्यातच माझ्या मैत्रिणीचा फोन आला. ही मैत्रीण पुण्याची, आमच्याच हाउसिंग कम्युनिटीत राहते. मनानं चांगली आहे. माझ्या ऑपरेशनच्या वेळी आठवडाभर डबा तिनं दिला होता. आम्ही बौद्ध आहोत हे तिला माहीत आहे. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे खीर खायला येते आणि दोनदा मागून घेते. पण माहीत असणं वेगळं आणि ताटात दिसणं वेगळं.

“काकू चालल्या ना, तर आमच्याकडून लंच,” ती म्हणाली. “काकूंना जे आवडतं तिथं जाऊ. बुकिंग मी करते.”

मी आईला विचारलं. मला वाटलं होतं ती घरीच करू म्हणेल. ती म्हणाली, “त्या कोरियनकडे जाऊ.” मग लगेच, “मी आपला भाजीभात घेईन.”

आता संपलंच, मला वाटलं. मैत्रिणीसमोर आणि तिच्या नवऱ्यासमोर ती कसली खाते! मला मैत्रिणीचा राग आला, तिनं काही केलेलं नसताना. गाडीत मी कोणाशी धड बोलले नाही.

आम्ही पाचजण बसलो: आई, मी, लेक, मैत्रीण आणि तिचा नवरा. हा नवरा कुठंही जायच्या आधी त्या जागेबद्दल सगळं वाचून येतो. लेण्यांत गेला तर गाइडला दुरुस्त करतो. त्यानं खणातून चमचे काढून सगळ्यांपुढे नीट मांडले आणि कोरियन जेवणाच्या शिष्टाचारावर छोटंसं व्याख्यान दिलं. मैत्रीण मेनूची पानं उलटत होती. एका फोटोपाशी ती थांबली.

“ई! हे बघ, ब्लड आहे यात! सीरियसली? कोण खातं यार हे?”

तिनं मेनू सगळ्यांना दिसेल असा फिरवला. तिच्या बोलण्यात विखार नव्हता. पाल दिसल्यावर माणूस ओरडतं तसं ते होतं. पण माझे कान तापले. तोंडाशी काहीतरी तिखट आलं होतं आणि मी ते बोलणारही होते, तेवढ्यात वाढणारी बाई ऑर्डर घ्यायला आली. मैत्रिणीनं स्वतःसाठी भाज्या घातलेला भात मागवला, तिच्या नवऱ्यानं टोफूचं सूप, लेकीनं नेहमीचं धिरडं. मी माझं सांगितलं. मग बाई आईकडे वळली आणि मी आईच्या वतीनं भाजीभात म्हणायला तोंड उघडलं.

आईनं मैत्रिणीच्या हातातला मेनू स्वतःकडे ओढला. त्या फोटोवर बोट ठेवलं.

“हे,” ती म्हणाली.

“काकू, ते नको,” मैत्रीण घाईनं म्हणाली, “ते रक्त आहे हं, फोटोत कळत नाही, पण…”

“माहीत आहे मला,” आई म्हणाली.

वाढणारी बाई हसली आणि निघून गेली. मैत्रिणीच्या नवऱ्यानं सातूच्या पाण्याबद्दल काहीतरी माहिती दिली. लेकीनं ती ऐकली, हे तिचे उपकार.

जेवण आलं. मातीचं काळं भांडं आईपुढे ठेवलं तेव्हा रस्सा अजून उकळत होता. त्यात ते तुकडे वरखाली होत होते. मैत्रिणीनं स्वतःचा चमचा उचलला, तर तिचा नवरा म्हणाला, “थांब. इथं सगळ्यात मोठ्यांनी स्टार्ट करायचं असतं. काकू, तुम्ही घेतल्याशिवाय आम्ही कोणी नाही सुरू करू शकत.”

“यस आजी, यू हॅव टू,” लेक म्हणाली.

माझ्या आईला मी आयुष्यात कधी आधी जेवताना बघितलेलं नाही. बाबा, आम्ही भावंडं, पाहुणे, मग ती. आणि जे खरंच आवडायचं ते तर सगळ्यांच्याही नंतर, उभ्यानं, ओट्याकडे तोंड करून. आता चारजण चमचे खाली ठेवून तिच्याकडे बघत होते. पळायला जागा नव्हती. मला तिची कीव आली आणि भीतीही वाटली. मी मनात म्हटलं, भातच खा गं, काही हरकत नाही, भाताचा घास घे आणि सुटून जा.

आईनं चमचा रश्श्यात घातला. चमच्याच्या कडेनं एक तुकडा दाबून बघितला. तो सहज तुटला. तिनं फुंकर मारली आणि खाल्ला. सावकाश, दात नसलेल्या बाजूनं दात असलेल्या बाजूकडे नेत.

“मऊ जमलंय,” ती म्हणाली. “मीठ कमी आहे.”

मग सगळे जेवायला लागले. लेक मान वाकवून आजीच्या भांड्यात बघत होती.

“आजी, व्हॉट इज दॅट?”

“रक्ती म्हणतात त्याला आपल्यात,” आई म्हणाली. चांगलं मोठ्यानं, टेबलाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं. “माझी आई करायची. बकऱ्याचं मिळालं तर बकऱ्याचं, नाहीतर मोठ्या जनावराचं. मिठाच्या पाण्यात थिजवायचं, उकळायचं, वड्या पाडायच्या आणि लसणावर परतायच्या. आम्ही पाच भावंडं होतो. वाट पाहायचो.”

“कॅन आय ट्राय?”

आईनं एक क्षण माझ्याकडे बघितलं. ज्या मुलांना कोणी हिणवू नये म्हणून तिनं चाळीस वर्षं जिभेला कुलूप घातलं होतं, त्यांतलीच मी. मी मान हलवली. तिनं चमच्यावर लहानसा तुकडा घेऊन नातीला भरवला. लेकीनं चावून गिळला आणि खांदे उडवले. “इट्स ओके. लाइक टोफू.”

“टोफू म्हणे!” आई हसली.

मैत्रिणीचा चेहरा उतरला होता. तिनं भाताची वाटी बाजूला सारली, तोंडाला रुमाल लावला आणि खुर्ची मागे सरकवली. “एक्स्क्यूज मी, मी जरा… गाडीत बसते. काकू, सॉरी हं, मला वासानं…” ती अर्धी उठली होती. तिला खरंच मळमळत होतं, ते ढोंग नव्हतं. तिचा नवरा खाली बघत होता. इतकं वाचून आलेल्या माणसालाही यावर काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

आईनं चमचा खाली ठेवला.

“खाऊ नको गं,” ती म्हणाली. “तुला नाही सोसत तर एक घासही खाऊ नको. पण पानावरून उठू नको.”

आवाज चढवला नव्हता. ताप आलेल्या मुलाला पांघरूण घ्यायला सांगावं तसं ती बोलली. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बाबांच्या साहेबांनी सगळ्या स्टाफला सपत्नीक जेवायला बोलावलं होतं. पंगतीत शेजारी बसलेल्या बाईनं आईला आडनाव विचारलं, आणि ऐकल्यावर भरल्या पानावरून उठून ती आत निघून गेली. आई तशीच बसून राहिली होती. समोरचं सगळं संपवून उठली होती, कारण पानात टाकायचं नसतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, बाबा गेले त्या आठवड्यात.

मैत्रिणीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती अर्धवट उभी होती, एक हात खुर्चीच्या पाठीवर. तिनं आईकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून ती खाली बसली.

आईनं बटाट्याची वाटी तिच्यापुढे सरकवली. मैत्रिणीनं त्यातलंही काही खाल्लं नाही. सातूच्या पाण्याचा कप दोन्ही हातांत धरून ती नुसती बसून राहिली, डोळ्यांत पाणी आलं तरी. आई सावकाश जेवत होती. तिनं भांड्यातला तळाचा रस्सा भातावर ओतून घेतला, तो खाल्ला आणि चमचा आडवा ठेवला. त्यानंतरच मैत्रीण उठली.